शिऱ्याचे चौदा आणे

२ मे १९५७, गुरुवार

नामंजूर!

दुपारी पोस्टमन पाकीट टाकून गेला. शाळेचा शिक्का पाहून ओल्या हातानेच फोडलं. 'आपल्या पाल्याच्या नादारीच्या अर्जाबाबत कळविण्यात येते की, घरची परिस्थिती समाधानकारक असल्यामुळे फी माफ करता येत नाही.' संपलं. शुभाने माझ्या हातून कागद घेतला, वाचला, होता तसा घडी घालून परत दिला आणि धुणं वाळत घालायला गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

शुभा यंदा दहावीत जाणार. मॅट्रिक अकरावीला, म्हणजे दोनच वर्षं. महिना साडेसात रुपये फी, टर्म फी निराळी. आतापर्यंतची फी कशी भरली ते माझं मला माहीत. सोन्याच्या दोन बांगड्या होत्या, आता काचेच्या आहेत.

संध्याकाळी ह्यांना पत्र दाखवलं. कोट न काढताच वाचलं. म्हणाले, "बरं." मग मोरीत जाऊन किती वेळ पाय धूत बसले. जेवताना म्हणतात, "सुलक्षणा म्हणत होती, मुलींना शिवणाचा क्लास चांगला." सुलक्षणावन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. तिच्या लग्नाचं कर्ज आम्ही अजून फेडतोय, आणि ती आम्हाला क्लास सुचवते!

शुभा शाळा सोडणार नाही. हे मी इथे लिहून ठेवते. बाळच्या गणिताच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत. आजपासून ती माझी.

३ मे, शुक्रवार

खरं लिहिते. इथे तरी लिहिते. चूक माझी आहे.

शाळेचा नियम असा — घरची मिळकत भागिले घरातली माणसं. दरडोई पंचवीसच्या आत आलं की नादारी मिळते. तिसाच्या वर गेलं की नाही मिळत. मधल्या लोकांचं काय, तर अनंत मास्तर घरोघर जाऊन बघून येतात, त्यांच्या शेऱ्यावर ठरतं. ह्यांचा पगार एकशे पंचेचाळीस. माणसं पाच — हे, मी, सासूबाई, शुभा, बाळ. एकोणतीस! म्हणजे आमचं सगळं मास्तरांच्या डोळ्यांवर. अर्जाबरोबर कचेरीतला पगाराचा दाखला लागतो, तो हे शाळेत नेऊन देणार होते. दिलाच असेल. ह्यांचं काम चोख असतं.

माझंच चोख नव्हतं. अकरा एप्रिलला मास्तर येणार हे आठ दिवस आधी माहीत होतं. ठरवलं होतं, काही म्हणजे काही करायचं नाही. ॲल्युमिनियमच्या पेल्यात चहा द्यायचा, भिंतीचा पोपडा दिसू द्यायचा, खाटेवर रोजचंच फाटकं पांघरूण. सकाळी नऊ वाजता हे ठरलेलं होतं. दहा वाजता मी क्षमाताईंच्या जिन्यात!

वरच्या मजल्यावरच्या क्षमाताईंकडे निळ्या काठाचे चिनी मातीचे सहा कप आहेत. ते आणले. ट्रंकेतली माझी लग्नातली चादर काढली. तुपातला शिरा केला, बेदाणे घालून. वर बिस्किटं आणली. मास्तर नको नको म्हणत होते, मी शिरा दुसऱ्यांदा वाढला. त्यांनी विचारलं, "वहिनी, कसं काय चाललंय?" आणि मी म्हटलं, "छान चाललंय, देवाच्या दयेने."

देवाच्या दयेने! तो माणूस आमची ओढगस्त बघायला आला होता आणि मी ती चादरीखाली घातली. का? मला अजून कळत नाही. दारात माणूस उभा राहिला की तो पाहुणा होतो, मग हात माझे राहत नाहीत.

ह्यांना यातलं काही माहीत नाही. ते कचेरीत होते. सांगायचा धीर नाही.

४ मे

शेजारच्या सुगंधाच्या थोरलीला नादारी मिळाली. तिचे यजमान दशरथभाऊ विक्रोळीच्या कारखान्यात आहेत, घाटकोपरहून पायी जातात-येतात. सहा माणसं, शिवाय मालवणला म्हातारीला मनीऑर्डर. मिळायलाच हवी होती. मला आनंद झाला. थोडा उशिरा झाला, पण झाला.

नळावर तिने विचारलं, "तुमचा काय झाला?" सांगितलं. घागर खाली ठेवून कमरेवर हात घेतले तिने. "माका सांगा, मास्तरांका काय दाखवलात तुमी? मियां तर सगळा दाखवलंय. रॉकेलची बाटली उपडी करून दाखवलंय. तुमका तोंड नाय?"

तोंड होतं. त्यात बेदाणे होते!

५ मे, रविवार

ठरलं. जे त्या दिवशी दाखवलं नाही ते आता दाखवायचं. रडून नाही, हात जोडून तर नाहीच. लिहून.

वाण्याकडून दोन आण्यांची नवी वही आणली. हिशेबाची ती, आणि मनातलं लिहायची ही बाळची. नव्या वहीत पानाच्या मध्यावर रेघ मारली. डावीकडे 'टाळता येण्यासारखा खर्च', उजवीकडे 'न टाळता येण्यासारखा'. महिनाभर पैचाही खर्च सोडायचा नाही. शाळा उघडायच्या आत वही घेऊन मुख्याध्यापकांसमोर उभी राहणार.

पहिली ओळ मागच्या महिन्याची घातली. पाप आधी लिहून टाकलेलं बरं. '११ एप्रिल. शिरा व बिस्किटे — चौदा आणे.' डाव्या रकान्यात. त्याच्याइतका टाळता येण्यासारखा खर्च आमच्या घरात वर्षात झाला नसेल.

ह्यांनी वही बघितली. "कशाला उगीच? झालं ते झालं. आणि हे बघ, शाळेत जाऊन मास्तरांना काही विचारत बसू नकोस."

म्हटलं, "विचारणार नाही. दाखवणार आहे."

पेपर उलटा धरून वाचत बसले होते, मीच सुलटा करून दिला.

७ मे

पगार झाला. मोठे आकडे आजच पडतात ते लिहिले. एकशे पंचेचाळीस हा आकडा मी जन्मात हातात धरलेला नाही. फंड कापून एकशे छत्तीस येतात. भाडं एकवीस. रेल्वेचा पास नऊ. सुलक्षणावन्संच्या लग्नाचा पतपेढीचा हप्ता पंधरा. विम्याचे सहा. सासूबाईंच्या दम्याचं औषध सात. कोळसा-रॉकेल आठ. कोटाची धुलाई-इस्त्री, साबण मिळून दोन — कचेरीत कोट लागतो, घामट कोटाचा कारकून साहेबाला चालत नाही.

हे सगळं उजवीकडे. एकही पैसा असा नाही की ज्याला मी म्हणेन, बाबा तू या महिन्यात येऊ नकोस. भाडं नाही दिलं तर घर नाही. पास नाही काढला तर पगार नाही. बेरीज केली — अडुसष्ट. एकशे छत्तिसातून अडुसष्ट गेले, राहिले अडुसष्ट. बरोब्बर अर्धे! पाच माणसांत भागले. साडेतेरा.

शाळा ज्याला एकोणतीस म्हणते ते आमच्या पातेल्यापर्यंत येईस्तोवर साडेतेरा झालेले असतात. मग एकोणतीस कोणाचे? ज्या पैशाला मी कधी 'इकडे जा' म्हणूच शकत नाही, तो माझा कसा धरायचा? तो फक्त आमच्या घरावरून जातो.

हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मला वाटायचं मी उधळी आहे.

९ मे

रुपयाचे शंभर नवे पैसे म्हणजे नवा ताप. एक आणा देताना वाणी सहा नवे पैसे म्हणतो आणि घेताना सात! भांडले. सहावर आणला.

१२ मे, रविवार

डावा रकाना रिकामा! शिरा सोडला तर तिथे काही नाही. मलाच पटेना. आठवडाभर एवढं लिहिलं आणि टाळता येण्यासारखं काहीच नाही? मुख्याध्यापक म्हणतील, बाईने वही सजवली आहे. म्हणून आज सगळ्यांना समोर बसवलं. म्हटलं, बोला, कोण काय सोडू शकतं.

बाळ म्हणाला, "मी दूध सोडतो." त्याला दूध आवडत नाही. फेटाळलं.

शुभा म्हणाली, "माझी रिबीन." रिबीन दोन वर्षांपूर्वीची आहे.

हे म्हणाले, "तपकीर." मी बघतच राहिले. वीस वर्षांची तपकीर! डबी काढली आणि माझ्या हातात दिली. "आणि कचेरीतला दुपारचा चहा," म्हणाले. मी म्हटलं, अहो, एवढं नको, तुमचं डोकं चढेल. तर म्हणाले, "चढू दे. माझ्याकडूनही काही व्हायला हवं ना." ज्याचा काही दोष नाही तो माणूस डबी काढून देतो, आणि मी शिऱ्याचं तोंडातून काढत नाही.

सासूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

१६ मे

सासूबाई का बोलल्या नाहीत ते आज कळलं. रविवारपासून त्या औषध अर्धंच घेत होत्या. बाटली महिना पुरते ती दोन महिने पुरावी म्हणून! सकाळी देवासमोर बसल्या आणि श्वास घेता येईना. ओठ निळे. मी नि सुगंधा दोघींनी मिळून डॉक्टरांकडे नेलं. टांगा, इंजेक्शन, दोन दिवसांचं निराळं औषध — सहा रुपये बारा आणे.

परत आल्यावर रागावले त्यांना. पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. तर म्हणतात, "मला वाटलं, माझं डावीकडे जातं का बघावं." मग मीच रडायला लागले, आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या, स्वतःला धाप लागलेली असताना.

साडेतीन रुपये वाचवायला गेल्या, पावणेसात गेले. उजव्या रकान्यातल्या खर्चाला हात लावला की तो असा वाढून परत येतो. हे मुख्याध्यापकांना सांगायला हवं. हिशेबाच्या वहीत समासात लिहून ठेवलं.

१९ मे, रविवार

कांदिवलीला ह्यांच्या चुलतभावाचं, नंदकुमारचं लग्न. मी म्हणाले होते, आहेर दोन रुपये, बास. हे म्हणाले, "अगं, त्यांनी सुलक्षणाच्या लग्नात पाच दिले होते. वहीत आहे." आणि खरंच आहे! कोणी किती दिलं ते आमच्या आहेराच्या वहीत आहे, आम्ही किती देतो ते त्यांच्या वहीत जाणार. मांडवात एक काका चष्मा लावून लिहायलाच बसलेले होते. पुढच्या माणसाचे आकडे मोठ्याने वाचून दाखवत होते.

मी तरीही दोनाचंच पाकीट केलं होतं. मुठीत धरलं होतं. आमच्या पुढे ह्यांची मावशी होती, पिवळी पडलेली नऊवारी, हातात काठी. तिने कनवटीचे पाच काढून दिले. काकांनी वाचलं, "पाच!" मग माझ्याकडे बघितलं.

पाच दिले. ह्यांच्या खिशातले तीन घेऊन. शिवाय जाण्यायेण्याचं भाडं.

आता हा कुठल्या रकान्यात? येताना रस्ताभर विचार करत होते. नाही दिले तर कोणी मरत नाही. भाडं थकत नाही. पण उद्या शुभाचं लग्न निघालं की हीच माणसं उभी राहायची आहेत, आणि सासूबाईंना रात्री-अपरात्री खांदा लागला तरी हीच. घरी येऊन उजवीकडे लिहिलं. कोणाला खोडायचं असेल त्याने त्या काकांसमोर उभं राहून दाखवावं, मग खोडावं.

२० मे

जेवणात वरण नाही. पाण्यासारखी आमटीच. कालचे पाच भरून काढायचे आहेत.

२४ मे

सुलक्षणावन्सं आल्या होत्या, भांडुपहून. पुन्हा क्लासचं काढलं. "वहिनी, मॅट्रिक होऊन काय दिवे लावणार आहे? चार ब्लाउज शिवले तर घरात पैसे येतील." मी तोंड उघडणार तोच शुभा स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात माझी हिशेबाची वही! म्हणाली, "आत्या, मी विचारून आले. क्लासची फी महिना सहा रुपये. कात्री, टेप, कापड माझं. मग मशीन हवं, ते दोनशेच्या पुढे. शाळा स्वस्त पडते." वन्संनी पटकन चहाचा घोट घेतला आणि पोळला त्यांना.

ह्यांच्याकडे बघितलं. मान खाली घालून ऐकत होते. पण ओठ हसत होते, मी पाहिलं. मग एकदम उठून बाहेर गॅलरीत गेले.

माझी मुलगी! ती शिकणार.

२९ मे

आज संपूर्ण दिवसात खर्च सहा आणे. कमाल केली.

१ जून, शनिवार

बाळला ताप. सगळीकडे फ्लूची साथ आहे, चाळीत घरटी एक अंथरुणात. दशरथभाऊही पडलेत, तीन दिवस कारखान्याला खाडा, म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली. सुगंधा म्हणाली, "ताप इलो तो इलो, वर पगार पन खाल्ल्यान!"

४ जून

बाळचा ताप उतरला. डॉक्टर, औषध, मोसंबी, बर्फ मिळून आठ रुपये पाच आणे.

सकाळी वहीची बेरीज बघताना गंमत वाटली. म्हणजे रडू येण्यासारखी गंमत. या महिन्यात आमचा खर्च एप्रिलपेक्षा वीस रुपयांनी जास्त! वरवर बघणारा म्हणेल, वा, या घरात वीस रुपये जास्त खर्च करतात, सुधारलेली दिसतात माणसं. आणि वीस रुपये कसले? एक इंजेक्शन, एक ताप आणि एक लग्न. आम्ही मात्र पंधरा दिवस आमटीवर. ते वीस रुपये आले कुठून, तर मी क्षमाताईंकडून दहा उसने घेतलेत आणि वाण्याचे दहा राहिलेत.

नुसता खर्च मोजून कळत नाही, नुसती मिळकत मोजून कळत नाही. मग काय मोजायचं? मी शहाणी नाही, सातवीपर्यंत शिकलेली बाई. पण मला वाटतं, भाडं, पास, औषध, हप्ता सगळं देऊन झाल्यावर बाईने डब्यात हात घातला की हाताला काय लागतं, ते मोजावं.

हेही समासात लिहिलं. समास भरत आला.

७ जून

उद्या शाळेत जाणार. ह्यांना सांगितलं. हातातला घास हातात राहिला. "उद्याच? सोमवारी शाळा उघडते, तेव्हा गर्दी असेल... मी बघतो ना, पुढच्या आठवड्यात." म्हटलं, "तुम्ही कुठे रजा घेता? मीच जाते."

"रत्ना," म्हणाले. मग थांबले. "वही नीट नेटकी आहे ना?"

लग्नाला सोळा वर्षं झाली. मला नावाने हाक मारलेली दोनदाच आठवते.

८ जून, शनिवार

गेले. सुती पातळ नेसले, रोजचंच. मुद्दाम.

मुख्याध्यापकांच्या खोलीत अनंत मास्तरही होते. मी बसले नाही. वही टेबलावर ठेवली. म्हटलं, "आधी एक कबूल करते, मग वही बघा." आणि सगळं सांगून टाकलं. कप आमचे नव्हते. चादर रोजची नव्हती. शिरा आमच्या घरात वर्षातून दोनदा होतो, एकदा दिवाळीला आणि यंदा तुमच्यासाठी. 'छान चाललंय' म्हटलं ते खोटं. मी घाई-घाईने बोलत होते, कान तापले होते.

मास्तर हसायला लागले! मोठ्याने नाही, पण खांदे हलत होते. "वहिनी, ते निळ्या काठाचे कप ना? एकाच्या कानाला चीर आहे तो? त्या दिवशी तुमच्या चाळीत मला ते चार घरी भेटले. तुमच्याकडून उठून तिसऱ्या खोलीत गेलो, तर माझ्या आधी ते तिथे पोचलेले! अजून ओले होते."

मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "मग तुम्हाला कळलं होतं?"

"बारा वर्षं हीच कामगिरी करतोय. कप बघत नाही मी. तुमच्या सासूबाईंची औषधाची बाटली बघितली, मुलीच्या चपला बघितल्या. एक पट्टा सुतळीचा होता." मग गंभीर झाले. "मी शेरा 'द्यावी' असाच दिला होता. मला वाटलं, नादारी मिळाली तुम्हाला."

मग नामंजूर कोणी केली? मुख्याध्यापक म्हणाले, फाईल कपाटात आहे, कारकून आज रजेवर आहे, चावी त्याच्याकडे. "सोमवारी या. तोवर ही वही माझ्याकडे राहू द्या. वाचतो." पहिलं पान उघडून बघत होते, समासावर बोट ठेवून.

महिनाभर मी स्वतःला खाल्लं. कपांचा दोष नव्हता! रस्त्याने जवळजवळ पळतच आले. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं, शिऱ्यासकट. म्हटलं, कोणीतरी घोळ घातलाय, सोमवारी फाईल निघेल. ह्यांना हसू येईल वाटलं होतं. ते म्हणाले, "सगळं तूच अंगावर घेतलंस तर." आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. फ्लू येतोय की काय! कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं.

१० जून, सोमवार

फाईल निघाली. मास्तरांचा शेरा होता — 'द्यावी'. त्याच्यावर एक चिठ्ठी टाचलेली. 'घरची परिस्थिती समाधानकारक आहे. तरी मुलीच्या नादारीचा अर्ज रद्द समजावा.' तारीख पंधरा एप्रिल. सही वाचायची गरज नव्हती. सोळा वर्षं ह्यांचं अक्षर मी वाण्याच्या यादीवर बघतेय. पगाराचा दाखला जोडलेला नव्हता. तो साहेबापुढे उभं राहून, कशासाठी ते सांगून, मागावा लागतो.

मुख्याध्यापकांनी एका हाताला चिठ्ठी ठेवली, एका हाताला वही. म्हणाले, "बाई, यातलं खरं कुठलं?"

"वही," मी म्हटलं. "सही माझी चालेल का?"

चालली. दाखल्याच्या जागी त्यांनी वही धरली. पालक म्हणून माझं नाव पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलं गेलं. शुभा दहावीच्या वर्गात जाऊन बसली.

संध्याकाळी हे आले. दारातच उभे राहिले, टोपी हातात. म्हटलं, नादारी मिळाली. कारकुनाचा घोळ होता, निस्तरला. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली, पुन्हा काढली. मग म्हणाले, "मास्तर भला माणूस." म्हटलं, हो. चहा दिला, आणि तपकिरीची डबी बशीत ठेवली.

आता हिशेबाची वही परत आली आहे. शिऱ्याचे चौदा आणे डावीकडून खोडले. उजवीकडे लिहिले.